खाडी व किनारी अधिवासांचे आरोग्य-निरीक्षण

खाडी व किनारी अधिवासांचे आरोग्य-निरीक्षण म्हणजे नदीमुखे, खाड्या, चिखलाची मैदाने, कांदळवने, पुळणी, खडकाळ किनारे आणि सागरी गवताची कुरणे यांच्या स्थितीची ठरावीक ठिकाणी, ठरावीक पद्धतीने आणि दीर्घकाळ केलेली मोजणी होय. एकदाच केलेल्या मोजणीस सर्वेक्षण म्हणतात. तीच मोजणी तुलना करता येईल अशा रीतीने पुनःपुन्हा केली, तरच तिला निरीक्षण म्हणता येते. ‘आरोग्य’ हा शब्द वैद्यकातून उसना घेतलेला आहे. गाळ धरून ठेवणे, माशांच्या पिलांना आसरा देणे, लाटांचा जोर मोडणे आणि सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य पचवणे ही अधिवासाची कामे चालू आहेत का, त्यातील सजीवांची विविधता टिकून आहे का आणि आघातानंतर तो सावरू शकतो का, असा त्याचा येथे अर्थ आहे.

शरीराचे तापमान मोजून ताप कळतो, तसे खाडीचे आरोग्य सांगणारे एकच मापन उपलब्ध नाही. उलट वरवर शुभ वाटणारी काही लक्षणे बिघाडातूनही उद्भवतात. त्यामुळे पाणी, गाळ आणि सजीव यांची मोजणी एकत्र वाचावी लागते. या लेखात मुख्यतः ठाणे खाडीचे उदाहरण घेतले आहे. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी मुंबई-साष्टी आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये आहे. दक्षिणेस ती मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते आणि उत्तरेस अरुंद मार्गाने उल्हास नदीच्या मुखाशी जोडलेली आहे. तिच्या दोन्ही काठांवर महानगरे आहेत, पूर्वेकडे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, आणि तरीही तिच्या मोठ्या भागाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे. निरीक्षणाच्या बहुतेक सर्व अडचणी येथे एकत्र पाहावयास मिळतात.

नमुना घेण्याची वेळ

नदी एका दिशेने वाहते. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साडेतीन मीटरांहून अधिक असतो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी होतो. परिणामी एकाच जागी, एकाच दिवशी, सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या जलाशयांचे वाटावेत इतके भिन्न असू शकतात. भरतीच्या वेळी समुद्राचे तुलनेने स्वच्छ पाणी हाती लागते, तर ओहोटीच्या अखेरीस नाल्यांतून आलेले पाणी. केवळ भरतीच्या वेळी नमुने घेतल्यास कोणतीही खाडी कागदावर सुधारता येते. म्हणूनच नमुन्याच्या नोंदीत तारखेइतकीच भरतीची अवस्था महत्त्वाची असते. ती नोंद नसलेली जुनी आकडेवारी तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

दुसरा बदल ऋतूंचा आहे. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्याने खाडीची क्षारता झपाट्याने उतरते, पाणी गढूळ होते आणि तळाचा गाळ ढवळला जातो. उन्हाळ्यात खाडीच्या आतल्या भागातील पाण्याची अदलाबदल मंदावते आणि सांडपाण्याचा प्रभाव तीव्रतेने जाणवतो. त्यामुळे मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर अशा तिन्ही काळांतील मोजणी हा भारतीय किनाऱ्यावरील निरीक्षणाचा किमान आराखडा मानला जातो.

पाणी

पाण्याचे तापमान, क्षारता, सामू, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रोजन व फॉस्फरसची पोषक संयुगे, हरितद्रव्य आणि विष्ठेतील जीवाणू ही नेहमीची परिमाणे होत. गढूळपणा मोजण्याचे सर्वात साधे साधन म्हणजे सेकी तबकडी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ती भूमध्य समुद्रात वापरली. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची, एवढीच ही रीत. ठाणे खाडीसारख्या चिखलाच्या खाडीत मात्र पाणी नैसर्गिकरीत्याच गढूळ असते. तेथे तबकडी लवकर दिसेनाशी झाली, तर तो प्रदूषणाचा पुरावा होत नाही.

विरघळलेल्या ऑक्सिजनला सर्वाधिक महत्त्व दिले जाते, कारण तो घटला की मासे व कोळंबी त्या पाण्यातून निघून जातात किंवा मरतात. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅमच. म्हणजे उष्ण प्रदेशातील खाडीला मुळातच गाठीला थोडे भांडवल असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. मिठागरे, शिंपल्यांची मासेमारी आणि परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांच्यासाठीच्या पहिल्या वर्गात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम, तर स्नानासाठीच्या दुसऱ्या वर्गात किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे. अखेरचा वर्ग नौकानयन व सांडपाण्याच्या नियंत्रित विसर्गासाठी आहे. ‘पाणी प्रमाणानुसार आहे’ असे विधान वाचताना ते कोणत्या वर्गाच्या प्रमाणानुसार, हे विचारणे अगत्याचे असते. अहवालांत हा तपशील पुष्कळदा तळटीपेत जातो.

ऑक्सिजनचे मापनही फसवू शकते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शैवाल माजले की दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्यातील ऑक्सिजन वाढतो आणि दुपारच्या नमुन्यात तो संपृक्ततेच्याही वर दिसू शकतो. रात्री तेच शैवाल श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते आणि पहाटे तो धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. नमुने गोळा करणारी नौका सहसा कार्यालयीन वेळेत निघते. त्यामुळे सर्वात वाईट तास नोंदीत येतच नाही. पाण्यात कायम बसवलेली, दर काही मिनिटांनी नोंद घेणारी संवेदक-यंत्रे हा त्यावरील उपाय आहे. मात्र खाडीच्या उबदार पाण्यात संवेदकांवर शेवाळ व कवचधारी जीवांचे पुट लवकर चढते आणि त्यांची वारंवार साफसफाई करावी लागते.

गाळ

पाणी वाहून जाते, गाळ राहतो. जड धातू, कीटकनाशके व खनिज तेलातील घटक सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे पाण्याच्या चाचणीत न सापडणारे प्रदूषण गाळात सापडते. तुलना करताना गाळाच्या कणांचा आकार पाहावा लागतो, कारण बारीक चिखलात वाळूपेक्षा धातू नैसर्गिकरीत्याच अधिक असतात. त्यासाठी धातूंचे प्रमाण ॲल्युमिनियमसारख्या, मुख्यतः खडकांतूनच येणाऱ्या मूलद्रव्याच्या तुलनेत मांडण्याची पद्धत आहे.

गाळाचा आणखी एक उपयोग म्हणजे तो भूतकाळाची नोंद ठेवतो. चिखलात नळी उभी खुपसून काढलेल्या गाभ्यात खालचे थर जुने आणि वरचे नवे असतात. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील थरांचे वय त्यावरून ठरवता येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास नदीमुखाच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. कॉस्टिक सोडा व क्लोरीन बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत पारा वापरला जात असे, ही त्याची पार्श्वभूमी होती. ज्या काळात कोणी मोजत नव्हते त्या काळाची अशी साक्ष पाण्याच्या नमुन्यातून कधीच मिळत नाही. निवट्या, चिंबोऱ्या किंवा तळावरील कृमी गाळ उकरत असतील तर थर मिसळतात आणि कालगणना धूसर होते, ही या पद्धतीची मर्यादा होय.

तळजीव

गाळात व गाळावर राहणारे कृमी, शिंपले, गोगलगायी आणि लहान कवचधारी प्राणी यांना तळजीव किंवा नितलस्थ जीव म्हणतात. मासा वाईट पाण्यातून पळून जाऊ शकतो, तळजीव जागा सोडू शकत नाहीत. नमुना घेतला त्या दिवसापूर्वीच्या कित्येक महिन्यांत काय घडले, ते त्यांच्या समुदायाच्या रचनेवरून कळते. ग्रॅबने उचललेला गाळ साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात, चाळणीवर राहिलेले प्राणी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, ओळखतात आणि मोजतात. हे काम संथ असून ते करू शकणारे वर्गीकरणतज्ज्ञ थोडे आहेत. निरीक्षणाच्या साखळीतील ही सर्वात कमकुवत कडी म्हणावी लागेल.

पिअर्सन व रोझेनबर्ग या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले की सेंद्रिय प्रदूषण वाढत जाते तसा तळजीवांचा समुदाय ठरावीक क्रमाने बदलतो. आधी मोठे, दीर्घायुषी प्राणी नाहीसे होतात. मग ‘कॅपिटेला’सारखे लहान, जलद वाढणारे संधिसाधू कृमी प्रचंड संख्येने दिसतात आणि शेवटी तळ निर्जीव होतो. म्हणजे मधल्या टप्प्यावर प्राण्यांची एकूण संख्या वाढलेलीच असते. केवळ संख्या मोजणारा निरीक्षक या टप्प्याला सुधारणा समजण्याची चूक करू शकतो. २००० मध्ये स्पेनच्या बास्क प्रदेशातील आन्हेल बोर्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळजीवांची प्रदूषण सोसण्याच्या क्षमतेनुसार पाच गटांत विभागणी करणारा ‘अंबी’ निर्देशांक मांडला. युरोपीय संघाच्या २००० मधील जलविषयक आदेशाखाली किनारी पाण्याची प्रतवारी करताना तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

हा निर्देशांक कोकणच्या खाड्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. त्यातील गट प्रामुख्याने युरोपीय प्रजातींच्या अनुभवावर बेतलेले असून अनेक उष्णकटिबंधीय प्रजातींचा गट निश्चित नाही. शिवाय पावसाळ्यातील क्षारतेच्या धक्क्याने येथे दरवर्षी नैसर्गिक उलथापालथ होते आणि त्यानंतर संधिसाधू कृमींचेच प्राबल्य काही काळ असते. प्रदूषणाने जे घडते ते खाडीत निसर्गतःही घडते, या अडचणीला एलियट व क्विंटिनो यांनी २००७ मध्ये नदीमुखांच्या गुणवत्तेचा विरोधाभास असे संबोधले. या पेचातून वाट काढण्यासाठी त्याच ऋतूतील, त्याच क्षारतेच्या पण कमी बाधित खाडीशी तुलना करतात. मुंबईच्या परिसरात अशी खाडी शोधणे हेच मुळात कठीण आहे.

साक्षीदार शिंपले

कालवे व शिणाणे यांसारखे शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात आणि त्यातील प्रदूषके अंगात साठवतात. त्यांच्या मांसाची चाचणी म्हणजे दीर्घकाळ चालू असलेल्या नमुन्याची चाचणी होय. या कल्पनेवर अमेरिकेत १९८६ पासून ‘मसल वॉच’ हा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला.

सजीवांमुळे प्रदूषण उघडकीस आल्याचे प्रसिद्ध उदाहरण जहाजांच्या रंगाचे आहे. जहाजांच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन हे संयुग असलेले रंग वापरले जात. फ्रान्समधील आर्काशों येथील कालव-संवर्धन त्यामुळे डबघाईस आले आणि १९८२ मध्ये त्या देशाने लहान नौकांसाठी हे रंग बंद केले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याच दशकात गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची जननेंद्रिये वाढून प्रजनन थांबल्याचे आढळले. हा विकार प्रतिलिटर एक नॅनोग्रॅमच्या आसपासच्या मात्रेतही होतो, म्हणजे तेव्हाच्या उपकरणांच्या तुलनेत गोगलगाय अधिक संवेदनशील ठरली. गोव्यातील मुरगाव बंदराच्या परिसरातही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीत हाच विकार दिसून आला. या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला.

कांदळवने आणि उपग्रह

कांदळवनांचे क्षेत्र उपग्रह-प्रतिमांवरून मोजले जाते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या द्वैवार्षिक अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र २०१९ मध्ये ३२० आणि २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस व तेथील भरावास मनाई झाली. त्यानंतर नकाशे तयार करण्यास गती आली, आणि २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. हद्द निश्चित असल्याशिवाय अतिक्रमण सिद्ध होत नाही. या अर्थाने उपग्रहाच्या नकाशांनी कायद्याला हातभार लावला आहे.

परंतु क्षेत्रफळ म्हणजे आरोग्य नव्हे. ठाणे खाडीत गाळ साचून उथळ झालेल्या भागांवर तिवरांची नवी झाडी पसरली आहे. नकाशावर ती वाढ हिरवी दिसते. प्रत्यक्षात तेवढ्या जागेतील उघडी चिखलमैदाने कमी झालेली असतात आणि तेथे चरणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा जाते. प्रदूषण सोसण्यात तिवर काटक आहे. त्यामुळे विविध प्रजातींच्या मिश्र वनाच्या जागी एकट्या तिवराचे वन उभे राहिले तरी आकाशातून फरक सहज कळत नाही. म्हणून जमिनीवर कायमचे चौकोनी भूखंड आखून झाडांच्या प्रजाती, खोडांचा घेर, रोपांची संख्या आणि श्वसनमुळांची स्थिती नोंदवावी लागते. बांध घातल्याने किंवा राडारोडा टाकल्याने भरतीचे पाणी अडले, तर झाडे लगेच मरत नाहीत, पण नवी रोपे येणे थांबते. रोपांची नोंद हा म्हणूनच लवकर मिळणारा इशारा असतो.

रोहित पक्ष्यांचे कोडे

ठाणे खाडीची सार्वजनिक ओळख रोहित पक्ष्यांमुळे आहे. साधारणतः नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत छोटे व मोठे रोहित येथे मोठ्या थव्यांनी उतरतात. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर ते लक्षणीय संख्येने दिसू लागले आणि २०१९ मधील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत मुंबई परिसरातील त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टर भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राचा समावेश रामसर यादीत झाला.

पक्षी वाढले म्हणजे खाडी सुधारली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. छोट्या रोहितचे मुख्य अन्न मात्र नील-हरित जीवाणू व सूक्ष्म शैवाल आहे, आणि सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरस हेच त्याचे खत आहे. त्यामुळे या पक्ष्यांच्या वाढीस खाडीतील सेंद्रिय प्रदूषण काही अंशी कारणीभूत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. हेच पाणी कोळंबी, बोय किंवा जिताडा यांना मानवेलच असे नाही. पक्ष्यांची गर्दी आणि मासळीचा ऱ्हास ही दोन्ही एकाच कारणाची फळे असू शकतात. गुजरातमधील कच्छच्या रणात पाऊस कसा झाला आणि वाटेतील इतर पाणथळींची स्थिती काय आहे, यांवरही इथली संख्या अवलंबून असते. याउलट पक्षी कमी झाले म्हणजे पाणी सुधारले, असेही म्हणता येत नाही. भरतीच्या वेळी विसाव्यासाठी लागणारी नवी मुंबईतील तळी नाहीशी झाली तरी ते कमी होतील.

गणनेचे तंत्रही नाजूक आहे. थवे भरतीबरोबर जागा बदलतात. शिवडी व ऐरोली येथील गणना एकाच वेळी, भरतीच्या एकाच अवस्थेत झाली नाही, तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

भारतातील व्यवस्था

देशाच्या किनारी पाण्याचे पद्धतशीर निरीक्षण १९९० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन महासागर विकास विभागाने सुरू केले. आज चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र ते काम पाहते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांची स्वतंत्र नमुना-केंद्रे असतात, आणि प्रकल्पांच्या परवानगीसाठी केले जाणारे पर्यावरणीय आघात-अभ्यास हा तिसरा स्रोत आहे. या अभ्यासांची ठिकाणे व पद्धती प्रकल्पागणिक बदलतात आणि प्रकल्पाबरोबरच ते संपतात. आकडे पुष्कळ असूनही सलग मालिका थोड्या असण्याचे हे एक मुख्य कारण आहे. रामसर कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार यादीतील पाणथळीचे परिस्थितिकीय स्वरूप बदलत असल्यास सदस्य देशाने ते कळवावयाचे असते. त्यामुळे ठाणे खाडीपुरते तरी सलग निरीक्षण ही आंतरराष्ट्रीय बांधिलकी ठरते.

मूळ स्थिती आणि भरपाई

आजची स्थिती कोणत्या मूळ स्थितीशी ताडून पाहावी, हा निरीक्षणातील सर्वात वादग्रस्त प्रश्न आहे. शास्त्रीय मोजणी सुरू होण्यापूर्वीच मुंबई परिसरातील खाड्यांवर भराव, मिठागरे, बंदरे आणि कारखाने आलेले होते. प्रत्येक पिढीचा संशोधक आपल्या उमेदीच्या काळातील खाडीलाच मूळ मानण्याचा संभव असतो. मत्स्यवैज्ञानिक डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. गाळाचे गाभे, जुने नौकानयन-नकाशे आणि खाडीकाठच्या कोळी व आगरी वस्त्यांतील वृद्धांच्या आठवणी यांतून ही उणीव काही प्रमाणात भरून काढता येते. कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, कोणती मासळी येत असे आणि ती कधीपासून येईनाशी झाली, ही माहिती प्रश्नावलीद्वारे पद्धतशीर गोळा केल्यास तिला निरीक्षणाच्या मालिकेत स्थान देता येते.

हा प्रश्न केवळ संशोधकांपुरता राहत नाही. ठाणे खाडीच्या दक्षिणेस उरण परिसरात बंदरविस्तारासाठीच्या भरावामुळे भरतीचा मार्ग अडला, कांदळवने व माशांच्या प्रजननाच्या जागा गेल्या, अशी तक्रार पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली. न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. अशा दाव्यांत भरावापूर्वी खाडीत किती मासळी होती आणि त्यातील किती घट भरावामुळे झाली, यावर भरपाईचा हिशेब अवलंबून असतो. होडी आणि पाग एवढीच साधने असलेल्या मच्छीमाराकडे त्याच्या पकडीची लेखी नोंद क्वचितच असते. काम सुरू होण्यापूर्वीच्या काही वर्षांची तटस्थ मोजणी उपलब्ध नसेल, तर पुराव्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्याच अंगावर पडतो.